आर्च मॅनिंगचं नेमकं बिनसलंय काय?

सीडरपार्ककर · ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९:१०

मंडळाची कोजागरी आज संध्याकाळी आहे आणि दूध आटवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. काल दुपारी अडीचला टेक्ससची मॅच (कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल) सुरू झाली तेव्हाच दोन पातेली चढवली, म्हटलं एक डोळा इकडे, एक तिकडे. तिसऱ्या सॅकला (आपला पास फेकणारा, क्वार्टरबॅक आर्च, चेंडूसकट आडवा झाला की सॅक) दूध उतू गेलं. सहाव्या सॅकपर्यंत तळाला लागलं होतं. आज कुणी विचारलं की दुधाला ही धुरकट चव कसली, तर फ्लोरिडाची म्हणून सांगणार.

फ्लोरिडा २९, टेक्सस २१. तेही चारपैकी तीन मॅच हरून बसलेल्या फ्लोरिडाकडून. आर्च मॅनिंग: २९ पैकी १६ पास, २६३ यार्ड, दोन टचडाउन, दोन इंटरसेप्शन (पास थेट समोरच्यांच्या हातात) आणि सहा वेळा आडवा.

ज्यांनी उन्हाळा भारतात काढला त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्टमध्ये एपीच्या यादीत (पत्रकारांनी लावलेला संघांचा क्रम) टेक्सस पहिलं होतं. हंगामाच्या आधी पहिला नंबर लागायची आपली ही पहिलीच वेळ. हाइझमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) कोणाला यावर पैसे लावणाऱ्यांचाही लाडका आर्चच. ३० ऑगस्टला कोलंबसला, ओहायो स्टेटच्या घरी जाऊन १४-७ हरलो. पोराचे ३० पैकी १७ लागले, १७० यार्ड. सॅन होजे स्टेटला धुतलं. मग १३ सप्टेंबरला यूटीईपी: २५ पैकी ११, ११४ यार्ड, आणि मध्ये सलग दहा पास वाया.

त्या मॅचला मी होतो. मुलगा यूटीत (टेक्सस विद्यापीठात) पहिल्या वर्षाला आहे, त्याच्या शेजारी बसून बघावी म्हणून वरच्या मजल्याची दोन तिकिटं काढली होती. सातवा की आठवा पास खाली पडला तेव्हा आधी सगळं चिडीचूप झालं. लाखभर माणूस आणि चिडीचूप. मग कुठून तरी 'बूऽऽ' सुरू झालं ते वर चढत आमच्यापर्यंत आलं. खोटं कशाला बोलू, मीही केलं. मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चारचौघांत त्याचे गणिताचे मार्क वाचून दाखवले.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. माझं मत असं की हात ठणठणीत आहे, पायांचा भरवसा उडालाय. तुम्हाला काय वाटतं? शनिवारी डॅलसला ओक्लाहोमा आहे. त्याआधी डोकं शांत करायचंय.

तिरकमठा · ५ ऑक्टोबर, सकाळी ९:३२

मसाला दुधाचाही सॅक झाला म्हणायचा.

नाना_ह्यूस्टन · ५ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नावावर खपलेला माल आहे हा. जुलैमध्ये जुना कोच स्टीव्ह स्पर्रिअरने साधा प्रश्न विचारला होता की हा एवढा भारी आहे तर गेल्या वर्षी टेक्सस दुसऱ्या क्वार्टरबॅकला, क्विन यूअर्सलाच का खेळवत होतं? तेव्हा त्या म्हाताऱ्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. आता द्या उत्तर.

२०२३ ला पोरगं आलं, एक मॅच धड खेळायच्या आधी त्याच्या सहीचं एक कार्ड १ लाख २ हजार ५०० डॉलरला गेलं. टीव्ही लावला की हाच. पेय ह्याचं, चड्ड्या ह्याच्या, चष्मे ह्याचे. काल सहा वेळा मातीत लोळला त्या कपड्यांची पण जाहिरात करा म्हणावं. राखीव क्वार्टरबॅक मॅथ्यू कॉल्डवेल ट्रॉयहून आलाय, बाकावर बसून आहे. द्या त्याला दोन मॅच. काय आभाळ कोसळणार आहे?

आपल्याकडे रोहन गावसकरला ११ वनडे मिळाले आणि विषय संपला. आडनावाने धावा होत नाहीत हो.

लेकीची_आई · ५ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

नाना, त्या कार्डाचे पैसे दानधर्माला गेले होते. अर्धंच सांगू नका.

आणि पोर २१ वर्षांचं आहे. माझी मुलगी त्याच वयाची. परवा तिचा एक इंटरव्ह्यू फसला तर दोन दिवस फोन उचलत नव्हती. ह्याचे दहा पास फसले ते अख्ख्या देशाने पाहिले, वर स्वतःच्याच स्टेडियमने हुर्यो उडवली. सीडरपार्ककर, तुम्ही कबूल केलंत म्हणून जास्त बोलत नाही.

वाचनमात्र · ५ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

नाशिकहून वाचतोय (इकडे रात्र आहे). धागा आवडला पण अर्धा डोक्यावरून गेला. हा क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन का? आणि पास चुकला तर झेलणाऱ्याचा दोष का नाही?

पुणेरी_पॉकेट · ५ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

वाचनमात्र, कॅप्टन म्हणता येणार नाही, पण प्रत्येक डावाला चेंडू पहिल्यांदा त्याच्याच हातात येतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. चेंडू मागे त्याच्याकडे येतो, तोच स्नॅप. त्याच्यासमोर आपले पाच धिप्पाड लोक भिंत धरतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्या भिंतीमागे जी दोन-तीन हात जागा तयार होते तिला पॉकेट म्हणतात. माझं नाव त्यावरून आहे, खिशावरून नाही. तिथे उभं राहून अडीच-तीन सेकंदांत चार-पाच पळणाऱ्या माणसांतून एक निवडायचा आणि तो जिथे *पोचणार* आहे तिथे चेंडू टाकायचा. भिंत फुटली आणि चेंडू हातात असताना आडवा झालात तर सॅक. दोष झेलणाऱ्याचाही असतो, पण दहा वेळा नाही.

आता मूळ मुद्दा. यूटीईपीची मॅच मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त गुडघ्याखाली. बायको म्हणाली, बूट विकत घ्यायचेत का?

उजव्या हाताने फेकणाऱ्याने मागे जाऊन शेवटचं पाऊल रोवायचं आणि मग डावं पाऊल लक्ष्याकडे टाकायचं. कंबर, छाती, खांदा सगळं त्या डाव्या पावलाच्या मागोमाग येतं. आर्चचं डावं पाऊल लक्ष्याच्या बाहेर उघडतंय. पाऊल उघडलं की खांदा लवकर फिरतो, खांदा फिरला की कोपर पडतं, आणि कानावरून सुटायचा चेंडू आडव्या हाताने सुटतो. मग तो रिसीव्हरच्या (झेलणाऱ्याच्या) पायाशी तरी जातो नाहीतर पाठीमागे. सॅन होजे स्टेटच्या मॅचमध्ये फेकताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, त्यावरून लोकांनी खांद्याचं दुखणं शोधून काढलं. त्याने आणि कोच सार्किसियनने दोघांनीही ते झटकून टाकलं. माझाही दुखण्यावर विश्वास नाही. दुखरा खांदा यूटीईपीच्या पुढच्याच आठवड्यात सॅम ह्यूस्टनविरुद्ध २१ पैकी १८ आणि ३०९ यार्ड करत नाही.

पाऊल का उघडतंय? कारण तो फेकायच्या आधीच निसटायच्या तयारीत असतो. गेल्या वर्षीच्या लाइनमधले पाचपैकी चार गेले. केल्विन बँक्स तर ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या निवडीत) नववा उचलला गेला. नवी भिंत अजून ओली आहे. दोनदा अंगावर कोसळली की तिसऱ्यांदा ती उभी असतानाही माणूस तिच्याकडेच बघत राहतो. रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन गेला, टाइट एंड गनर हेल्म गेला. अडचणीत ज्यांच्याकडे डोळे मिटून टाकावं असे दोघंही एकदम गेले. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) विझनर कोलंबसलाच जायबंदी झाला, तो काल कुठे परतला. आणि काल आपल्याकडून जमिनीवर सगळ्यांत जास्त यार्ड कोणाचे? आर्चचेच. म्हणजे फेकायचंही त्यानेच आणि पळायचंही त्यानेच.

नाना_ह्यूस्टन · ५ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

सॅम ह्यूस्टनविरुद्ध मीही १८ पास लावले असते.

तिरकमठा · ५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

यादी आली. पहिल्या पंचवीसमध्ये आपण नाही. पेन स्टेटही नाही. ऑगस्टमधला पहिला आणि दुसरा, दोघंही एकाच दिवशी घराबाहेर. वरात तरी जोडीने निघाली.

बकआय_ताई · ५ ऑक्टोबर, दुपारी ३:०२

कोलंबसमध्ये बावीस वर्षं झाली. तुमच्या जखमेवर मीठ चोळायला आले नाही (थोडं चोळणार आहे).

३० ऑगस्टला आमच्याकडे जे झालं त्याला मी खराब फॉर्म म्हणणार नाही. आमच्या बचावाचा कोच मॅट पॅट्रिशियाने पोराला फसवलं. स्नॅपच्या आधी मागचे दोघे एका जागी उभे दिसायचे, स्नॅप झाला की भलतीकडे. आर्च एक सेकंद थांबायचा, तो एक सेकंदच आम्हाला हवा होता. पाचपैकी चार वेळा चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) अडवलं तुम्हाला. त्यातलं एक तर एका यार्डावरून. आर्च स्वतः घुसायला गेला आणि ढिगाऱ्याखाली गाडला गेला. गतविजेत्यांच्या मैदानावर पहिल्याच मॅचला सात गुणांनी हरणं, यात रडण्यासारखं काय होतं? रडगाणं तुमच्या वर्तमानपत्रांनी आणि ह्या नानांनी चालू केलं.

सांगायचं ते हे की गेल्या वर्षी ३० नोव्हेंबरला मिशिगनने आम्हाला आमच्याच घरात १३-१० हरवलं. आमच्या क्वार्टरबॅकचे, विल हॉवर्डचे, दोन इंटरसेप्शन. त्या रात्री यांनी अंगणातला झेंडा उतरवून गॅरेजमध्ये लॉनमोअरच्या मागे फेकला. ह्याला काढा, त्याला आणा, कोचला हाकला, सगळं झालं. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, कारण त्यात तुम्हीही होतात. टेनेसी ४२-१७, ओरेगन ४१-२१, टेक्सस २८-१४, नॉटर डेम ३४-२३. ५१ दिवसांत तोच हॉवर्ड राष्ट्रीय विजेता. झेंडा काढला तेव्हा त्याला पेट्रोलचा वास येत होता. तसाच लावला.

सीडरपार्ककर · ५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

ताई, २८-१४ ची आठवण काढायची काही गरज होती का?

दूध संपलं. 'भाजका बदाम घातलात का' असं तिघांनी विचारलं. हो म्हणालो.

मिसिसिपीचा_मामा · ६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

ऑक्सफर्ड गावात राहतो. विद्यापीठाच्या आवारात गाडी चालवायची कमाल गती १८ मैल आहे, कारण आजोबा आर्ची मॅनिंगचा नंबर १८. काकाचा, म्हणजे इलायचा नंबर १०, म्हणून काही रस्त्यांवर १०. मला त्या दहाच्या रस्त्यावर दंड झालाय, तेव्हा ह्या घराण्याबद्दल बोलायचा अधिकार मी पैसे मोजून मिळवलाय.

नाना म्हणतात नावावर खपलेला माल. नानासाहेब, त्या नावाचा इतिहास काय आहे बघा. आर्ची १९७१ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा, न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि तिथे असेपर्यंत संघाचा एकही हंगाम जिंकण्याच्या बाजूला झुकला नाही. १९८० साली १५ हरले, १ जिंकले. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियमवर यायचे, म्हणजे टीव्हीवर ओळखू येऊ नयेत. आज बू करणारे निदान तोंड दाखवून करतात.

थोरला काका पेटन. १९९८ ला इंडियानापोलिसमध्ये पहिलं वर्ष, २८ इंटरसेप्शन, नवख्या खेळाडूचा विक्रम. संघ ३-१३. धाकटा इलाय, २००४, बाल्टिमोरला १८ पैकी ४ पास, २७ यार्ड, दोन इंटरसेप्शन, रेटिंग चक्क शून्य. शून्य दशांश शून्य. तीन वर्षांनी त्याच माणसाने त्या हंगामात एकही मॅच न हरलेल्या पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये हरवलं.

आणि ह्याचे वडील कूपर. पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं म्हणून कॉलेजात एक मॅचही न खेळता खेळ सुटला. त्या घरात जेवणाच्या टेबलावर २५ पैकी ११ हा आकडा कुणाला नवीन नाही. दहाव्या पासनंतर फोन आला असेल तर तो समजूत घालायला नसेल, 'आमच्या वेळी तर...' म्हणून आला असेल.

नाना_ह्यूस्टन · ६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

मामा, कागदी पिशवीवाली माहिती मस्त. पण तो सगळा व्यावसायिक खेळ झाला, तिथे शिकायला पाच-सहा वर्षं देतात. कॉलेजात एक हंगाम म्हणजे बारा मॅच. वाट बघत बसलात की हंगाम संपतो.

गिरगावचा_सूनर · ६ ऑक्टोबर, रात्री ९:४५

शत्रूच्या धाग्यावर पाय ठेवतोय, चप्पल बाहेर काढून. नॉर्मनला, ओक्लाहोमा विद्यापीठात एमएस केलं, तेव्हापासून रक्त किरमिजी.

नानांची 'बदला, काय आभाळ कोसळणार आहे' ही ओळ वाचून २०२१ आठवलं. आमचा क्वार्टरबॅक स्पेन्सर रॅटलर. तोही हंगामाच्या आधी हाइझमनचा लाडका. सप्टेंबरात वेस्ट व्हर्जिनियाची मॅच, आमच्याच मैदानावर. रडत-रखडत १६-१३ जिंकलो. पण त्याआधी विद्यार्थ्यांनी 'केलेब हवा' (केलेब म्हणजे राखीव क्वार्टरबॅक) असा घोष धरला. रॅटलर मैदानात उभा, कानावर तेच येतंय. मी तेव्हा खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो. सीडरपार्ककर, तुम्ही एकटे नाही.

दोन आठवड्यांनी डॅलसला तुमच्याशी गाठ. पहिल्या क्वार्टरअखेर तुम्ही २८-७ पुढे. रॅटलरला बसवलं, केलेब विल्यम्स आला, ५५-४८ जिंकलो. नाना, तुमचाच मुद्दा सिद्ध झाला ना? आम्हालाही तसंच वाटलं. त्या हंगामाच्या शेवटी कोच लिंकन रायली दक्षिण कॅलिफोर्नियाला गेला, मागोमाग केलेब गेला, आणि २०२२ ची हाइझमन तिथे जिंकला. रॅटलर साउथ कॅरोलिनाला गेला. तिथे टेनेसीविरुद्ध ४३८ यार्ड, सहा टचडाउन, ६३-३८. पुढच्या आठवड्यात क्लेमसनला त्यांच्या घरी जाऊन ३१-३०. क्लेमसन घरच्या मैदानावर सलग ४० मॅच हरलं नव्हतं तेव्हा. आणि आम्ही? दोघांनाही हाकलून ६-७ वर बसलो.

आता सगळा दोष त्या घोषणेवर टाकत नाही. कोच गेला म्हणून घडी विस्कटली. पण पोरगं संपलं असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते संपलं नव्हतं.

तरीही शनिवारी तुम्हाला तुडवणार आहोतच.

नाना_ह्यूस्टन · ६ ऑक्टोबर, रात्री १०:१०

*हा प्रतिसाद अप्रकाशित करण्यात आला आहे. (संपादक मंडळ: कोचच्या पगाराच्या आकड्यांवरून राजकारणात शिरू नये.)*

पुणेरी_पॉकेट · ७ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

नाना, क्रिकेट तुम्हीच काढलंत, तर घ्या. सचिन, सिडनी, जानेवारी २००४. ऑस्ट्रेलियात सगळी मालिका ऑफ स्टंपबाहेर बाद होत होता. मग त्याने कव्हर ड्राइव्ह पेटीत टाकून कुलूप लावलं आणि नाबाद २४१ केल्या. सगळ्यात देखणा फटका, दहा तास वापरलाच नाही.

आर्चचा कव्हर ड्राइव्ह म्हणजे तो पन्नास यार्डांचा लांब पास. २०२४ मध्ये यूटीएसएविरुद्ध जखमी यूअर्सच्या जागी आला तेव्हा त्याने जे दाखवलं, त्या ६७ यार्डांच्या धावेसकट, त्यावर आपण सगळे भाळलो. आता सार्किसियनने तो फटका कुलपात टाकावा. स्नॅप, तीन पावलं, चेंडू गेला. छोटे पास. पाय विचार करायच्या आत हात मोकळा.

लेकीची_आई · ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

+१. आणि सचिन तेव्हा ३० वर्षांचा होता, २१ चा नाही, हेही धरा.

सीडरपार्ककर · ११ ऑक्टोबर, रात्री ९:३०

डॅलसहून परत येतोय. गाडी मित्र चालवतोय, मी मोबाईलवर टंकतोय, चुका पोटात घाला.

टेक्सस २३, ओक्लाहोमा ६!!!

ज्यांनी कॉटन बोल पाहिलं नाही त्यांना कसं सांगू. जत्रेच्या मधोमध स्टेडियम. बाहेर पाळणे, काडीला लावलेले मक्याच्या पिठातले तळलेले सॉसेज, बिग टेक्सचा पन्नासएक फुटी पुतळा. आत गेलात की पन्नास यार्डांच्या रेघेवर रंग तुटतो, अर्धं केशरी, अर्धं किरमिजी. कडेला बसलात तर एका कानात शिव्या, एका कानात जयजयकार.

पहिला अर्धा भाग ६-३ ने त्यांचा. मुलगा बोलेना. मग आर्चने तेच केलं जे पॉकेटरावांनी लिहिलं होतं. छोटे पास. मी ह्या वेळी दुर्बीण नेली होती आणि फक्त पाय बघत होतो. डावं पाऊल सरळ. एका तिसऱ्या डाउनला दोघं अंगावर येत असताना ते पाऊल रोवलं आणि चेंडू सोडला, मग आडवा झाला. उठला तो हसत. २७ पैकी २१, १६६ यार्ड, एक टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. १६६ म्हणजे काहीच नाही हो, आणि तरी मला ते कोलंबसच्या १७० च्या दसपट वाटले. वर निब्लेटने ७५ यार्डांवरून पंट (समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू) परत आणून टचडाउन केला, तो बोनस.

गिरगावचा_सूनर · ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

अभिनंदन. चप्पल घालतो आणि निघतो.

(आमचा क्वार्टरबॅक मॅटीर हाताचं ऑपरेशन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तरी उतरला, तीन इंटरसेप्शन देऊन बसला. त्याला आता कोणी बसवा म्हणू नये एवढंच. म्हणतायत.)

नाना_ह्यूस्टन · ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

बचावफळी जिंकली. क्वार्टरबॅक गाडीत बसून आला.

पुणेरी_पॉकेट · ११ ऑक्टोबर, रात्री १०:५२

नाना, तेच तर हवं होतं. गाडीत बसून येणं ही कला आहे.

तिरकमठा · १८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

आज धनत्रयोदशी. दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावायचा असतो, मी टीव्हीकडे तोंड करून लावला. केंटकीविरुद्ध २७ पैकी १२, १३२ यार्ड. धागा वर काढतोय.

सीडरपार्ककर · १८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

जिंकलो म्हणे. १६-१३, जादा वेळेत. केंटकीला एका यार्डावर चौथ्या डाउनला अडवलं आणि शिपलीने लाथ मारून संपवलं. संघाचे सगळे मिळून १७९ यार्ड. मला वाटलं होतं डॅलसला गाठ सुटली. पाऊल परत उघडलं. तिसऱ्या क्वार्टरनंतर मी मोजणं सोडून चकल्या मोजायला लागलो, आधी पन्नास होत्या.

नाना_ह्यूस्टन · १८ ऑक्टोबर, रात्री १०:२५

काही बोलत नाही.

बकआय_ताई · १९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

नाना काही बोलत नाहीत म्हणजे प्रकृती बरी आहे ना?

सीडरपार्ककर, गाठ एका शनिवारी सुटत नसते. हॉवर्डचं मी इतकं गोड करून सांगितलं, त्यात मध्ये तीन आठवडे मॅचच नव्हती हे सांगायचं राहिलं. त्यांना श्वास घ्यायला मिळाला. तुमचं पोर दर शनिवारी परीक्षेला बसतंय, आणि आता सलग तिसरी मॅच घराबाहेर होती. पुढचीही बाहेरच आहे.

वाचनमात्र · १९ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मी आता हायलाइट्स बघायला लागलोय. मलाही फक्त पायच दिसतात. पॉकेटराव, हे तुमच्यामुळे झालंय. शुभ दीपावली सर्वांना.

सीडरपार्ककर · २६ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

काल मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. मिसिसिपी स्टेट ३८, टेक्सस २१, चौथा क्वार्टर, आणि मला स्टेजवर माइक लावायला बोलावलं. म्हटलं संपलं, बरं झालं, बघायला नको. माइक लावला, नाट्यगीत सुरू झालं, आणि मागच्या रांगेत एकदम कोणीतरी 'अरे!' म्हणून ओरडलं. गाणाऱ्या बाईंना वाटलं दाद आली.

सतरा गुण भरून काढले. ३४६ यार्ड, तीन टचडाउन हवेतून. निब्लेटने पुन्हा पंट परत आणला. ३८-३८. घरी येऊन रात्री दोनपर्यंत तो क्वार्टर तीनदा पाहिला. पाय विसरलो, खरं सांगतो. पाय कुठे होते मला माहीत नाही, तो पळत फेकत होता, वाकून फेकत होता, पॉकेटराव शिकवतात त्यातलं काहीच नव्हतं आणि सगळं लागत होतं.

आणि मग जादा वेळेत डोकं आपटलं. उठला तो अडखळत. बाहेर नेलं. कॉल्डवेल आला, त्याने पहिलाच पास मोझलीला टचडाउनचा टाकला, ४५-३८.

नाना_ह्यूस्टन · २६ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

महिनाभर म्हणत होतो कॉल्डवेलला आणा. असा यायला नको होता.

पोराचं डोकं कसं आहे? कुठे काही आलंय का?

लेकीची_आई · २६ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

कन्कशनच्या तपासण्या चालू आहेत. डॉक्टरांनी मोकळा केला तरच खेळेल. नाना, फराळ झाला का? ह्यूस्टनला कोणी आहे का तुमच्याकडे दिवाळीला?

नाना_ह्यूस्टन · २६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

मुलगा-सून येऊन गेले. करंज्या उरल्यात.

पुणेरी_पॉकेट · २६ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

सीडरपार्ककर, मीही तो क्वार्टर पाहिला. एक दुरुस्ती. १७ गुणांनी मागे असताना समोरचे मागे सरकून खेळतात, जागा मिळते, विचार करायला वेळ नसतो. तिथे पाय सापडणं सोपं असतं. खरं काय ते पहिल्या क्वार्टरला बरोबरीत असताना कळेल. शनिवारी व्हँडरबिल्ट, आणि ते ह्या वर्षी कोणाला हलके जात नाहीयेत.

खेळला तर.

सीडरपार्ककर · २६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

शनिवारची मॅच घरी आहे, सकाळी अकराची. माझ्याकडे वरच्या मजल्यावर तीन तिकिटं आहेत, मुलगा आणि मी धरून एक जादा. नाना, येता का? ह्यूस्टनहून पहाटे सहाला निघालात तर पोचाल. पार्किंगचं मी बघतो. त्या बाजूला बारापर्यंत थेट ऊन असतं, टोपी आणा. आणि करंज्या.

नाना_ह्यूस्टन · २६ ऑक्टोबर, रात्री ८:४१

साडेपाचला निघतो. तो नाही खेळला तरी येतो.